तांबडं तांबड्याला, काळं काळ्याला

काम दिसायला सोपं हुतं. कोयना धरणाच्या पाण्यापल्याड, दाट रानाच्या वर, डोंगराच्या टकुऱ्यावर कारवीटेक नावाची वाडी. पावसाळ्यात तिकडं लाँच जाईना, वाट राहीना, आन् खाली निरोप द्यायचा म्हंजे वाऱ्यावर हवाला. धरणाची ईज वाडीच्या पायथ्यापास्नं निघून पार मुंबईपतुर जायची, आन् वाडीत मात्र रॉकेलची चिमणीच! तर त्या वाडीत एक बिनतारी संच बसवायचा, त्याला सोलरच्या चार प्लेटा जोडायच्या, म्हंजे वाडीची हाक लाँचच्या धक्क्यावर पोचंल, आसं ठरलं. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. तवा सोलर म्हंजे काय, ह्ये आमच्या मुलखात कुणाला धड सांगता येत नव्हतं.

प्लेटा पाटणच्या एका मंडळानं दिल्या. जोडायचं काम कुंडलच्या जयराजकडं आलं.

आन् तितंच नाथाजीच्या पोटात निखारा पडला.

नाथाजी जयराजचा चुलतभाऊ. एका वयाचं, एका आळीतलं. जयराज पलटणीत गेला तवापास्नं कुंडलच्या शिवारात जळालेली मोटर म्हंजे नाथाजीचीच. बांधायचा, फिरवायचा, उसाला पाणी चालू करून द्यायचा. लोक "मिस्त्री, मिस्त्री" करत मागं फिरायची. मग जयराज सिग्नल पलटणीतनं पेन्शन घेऊन आला. अंगात हिरवी जर्सी, हातात ईज मोजायचा काट्याचा मीटर. झालं! लोक त्याला मेजर म्हणाय लागली, आन् आता सगळी मेजरच्या दारात. एवढंच कशाला, नाथाजीची सोताची बायको रेश्मा भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊजींनी टीव्हीचा अँटेना कसा झटक्यात बसवला बगा. मुंगी बी दिसंना पडद्यावर."

नाथाजीनं ताट तसंच सारलं.

जयराज आपल्या पायानं घरी आला. "नाथा, चल माज्या संगं कोयनेला. तुज्या हाताबिगर मला जमायचं न्हाई गड्या."

'गोड बोलतंय बेणं,' नाथाजी मनात म्हणाला. पर गेला. न्हाई गेला असता तर सगळं नाव एकट्या जयराजचं झालं असतं की!

निघायच्या आदल्या दिशी जयराजनं अंगणात प्लेटा मांडल्या. आळीतली माणसं गोळा झाली. जयराज वायरी हातात घेऊन समजावून सांगाय लागला. नाथाजी पाठ करून उभा राहिला आन् तंबाखू मळत म्हणाला, "मोटरी बांधून घट्टे पडल्यात माज्या हाताला. चार वायरी मला काय शिकिवतोस?"

ती पाठ करून मळलेली तंबाखू पुढं लय महाग पडली.

तिसरा गडी बिराप्पा. जतकडचा, तालमीतला, मान बैलासारखी. ओझं वाहायला त्याला घेतलेला. कोयनेच्या पाण्यावर लाँच निघाली तवा वारं सुटलं. लाटा आडव्या. लाँच अशी डुलाय लागली की बिराप्पानं बॅटरी पोटाशी धरली आन् डोळं मिटलं. "यप्पा! आमच्या जतला प्यायला पाणी न्हाई, आन् हितं बुडायला एवढं!"

जयराज हसला. लाँचवाला बी हसला. लाँचवाल्यानं चहा काढला आन् पयला पेला जयराजला दिला. नाथाजीनं त्यो बी ध्यानात ठेवला.

लाँचनं त्यांना काठावर उतरवलं आन् माघारी गेली. आता परत यायची ती दोन दिसांनी, न्हाईतर संचावरनं हाक गेली तर. काठावर वाडीची धोंडुबाई वाट बघत बसलेली. काटकुळी म्हातारी, पायात काय न्हाई, पर आवाज आसा की झाडावरचं माकड बी खाली बघंल. तिनं संचाची पेटी डोईवर चुंबळीवर ठेवली. "चला रं लेकरांनू. येळ लावू नगा, गडीमाणसं म्हसरं घिऊन लांबच्या रानात गेल्याती. वाडीत आमी बायाच."

नाथाजीच्या आन् जयराजच्या पाठीवर दोन-दोन प्लेटा, बिराप्पाच्या खांद्यावर बॅटरी. रान सुरू झालं. औंदा पाऊस दिवाळी झाली तरी रेंगाळलेला. कारवी डोक्याच्या वर, खाली कुजका पाला, पाय टाकला की घोट्यापतुर आत. ऊन वरच्या फांद्यांवरच अडकून बसायचं. खाली आला तर एखादा कवडसा, त्यो बी हिरवा. कुटंतरी वर हुप्प्या खाकरत हुता आन् पायाखाली पाणी वाजत हुतं, पर दिसत न्हवतं. नाथाजी सगळ्यांच्या पुढं. जयराजच्या पाठीमागं चालायचं म्हंजे त्याला काटा टोचल्यासारखं व्हायचं.

वळणावर त्याची कॉलर कुणीतरी मागनं धरली.

"हलू नगं!" जयराज कानात म्हणाला.

समोर, हाताच्या अंतरावर म्हणा, झाडीचा एक काळा तुकडा फुसफुसला. गवा! खांदा घराच्या उंबऱ्याएवढा रुंद. पाय पांढरे, डोळे तांबडे. त्यानं मान खाली घातली. खुरानं पाला उडवला. गव्यानं एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग कारवी मोडत खाली उतरून गेला. कडाकडा आवाज किती तरी येळ येत राहिला!

धोंडुबाईनं कपाळाचा घाम पुसला. "मेजर हुता म्हणून वाचलास बाबा."

नाथाजीला वाटलं, ह्यापरीस गव्यानं उचललं असतं तर बरं झालं असतं.

मग आली घळ. डोंगर मधूनच कुऱ्हाडीनं चिरावा तशी फाटलेली. पल्याड वाडीची छपरं दिसत हुती, आन् अंगणात उभ्या बाया. घळीच्या माथ्याला वळसा घालून एक वाट. वाट कसली, कड्याच्या पोटाला चिकटलेली वीतभर पट्टी! वर कातळाच्या कपारीला आग्या मोहोळं लोंबत हुती, काळी, पखालीएवढी.

"विडी पेटवायची न्हाई कुणी," धोंडुबाई म्हणाली. "धूर लागला तर माश्या माणूस ठिवत न्हाईत." आन् ती पेटीसकट तुरूतुरू पल्याड गेली.

"थांबा," जयराज म्हणाला. "पावसानं माती सुटलीया. आदी दोरी बांधू. मग पाय चाचपत येकेक जण."

पल्याड बाया बघत हुत्या. नाथाजीच्या मनात आलं, वाडीत पयला पाय कुणाचा पडणार? मेजरचा! म्हंजे हितं बी त्यानं हुकूम सोडायचा आन् आपण मागनं जायचं? त्यानं दोरीची वाट बघितली न्हाई. प्लेटा पाठीवर, पाय आपटत निघाला. मदी खालची माती भसाभसा ढासळली. त्यानं झेप टाकली आन् पल्याड पोचला.

"बगा! काय झालं का?"

झालं हुतं. पट्टीचा मधला भाग आतनं पोकळ झाला हुता. वरनं दिसत न्हवतं, एवढंच.

जयराजनं दोरीचं टोक पल्याड फेकलं, त्ये नाथाजीनं धरलं. बिराप्पा बॅटरी घेऊन पोटावर सरकत आला. मदीच त्याचा गुडघा घसरला, बॅटरी कलंडली, अर्धं अॅसिड सांडलं आन् बिराप्पाच्या धोतराला भोकं पडली. मग जयराजनं आपल्या दोन प्लेटा दोरीला बांधून पुढं धाडल्या. आन् मग दोरी हातात धरून सोता निघाला. नाथाजी जितं आपटत गेला हुता तितं त्यानं पाय ठेवला.

कडा खचला!

आवाज न्हाई, बोंब न्हाई. नुसती माती गेली आन् तिच्यासंगं जयराज. दोरी नाथाजीच्या तळहातातनं सरसरली. कातडं सोललं. "धर! धर बिराप्पा!" दोरी ताणली, आन् एकदम हलकी झाली.

खाली धुरळा बसला तवा दिसलं. मदल्या एका टप्प्यावर, करवंदीच्या जाळीत जयराज अडकला हुता. एक पाय नको तिकडं वळलेला. डोक्यातनं रगत.

"जयाऽऽ!" नाथाजी वरडला.

खालनं एक हात वर झाला.

जिता हुता! पर दोरी तितपतुर पोचंना. वाट तुटलेली. वरनं कातळ पोट काढून बसलेला. धोंडुबाई वाकून बघत म्हणाली, "हितनं न्हाई काढता यायचा. खालनं, पाण्याकडनं घळीत चढलं तरच. लांब दोरखंड पायजे, तगडी माणसं पायजेत. लाँच पायजे."

"धूर करून खूण करू?" बिराप्पानं इचारलं.

धोंडुबाईनं नुसतं वर बोट केलं. मोहोळं जयराजच्या बरोबर डोक्यावर लोंबत हुती.

म्हंजे एकच राहिलं. संच. ती हाक दिवस मावळायच्या आत धक्क्यावर पोचली तर लाँच येणार. न्हाईतर तुटक्या पायानं, फुटक्या डोक्यानं जयराज रातभर त्या टप्प्यावर. आन् डोक्यावर माश्या, खाली बिबट्याची घळ.

नाथाजी वाडीकडं पळत सुटला. पळता पळता, खरं सांगायचं तर, त्याच्या मनात एक काळा इचार येऊन गेला: आता जोडणी माजी. एकट्याची. त्यो इचार आला तसा त्यानं थुंकून टाकला, पर तोंडाला चव राहिलीच.

छपराम्होरं उघड्या दगडावर त्यानं चार प्लेटा मांडल्या. बॅटरीत झऱ्याचं पाणी घातलं, पर ती निम्मी मेलेली. सगळा भार प्लेटांवरच हुता. आता वायरी. नाथाजीनं कपाळ खाजवलं. कुंडलला नदीचं पाणी डोंगरावरच्या उसाला न्यायचं असलं की त्यो काय करायचा? एका पंपाच्या शेपटीला दुसरा पंप, त्याच्या शेपटीला तिसरा. जोर वाढतो, पाणी चढतं. आन् हितं तर आवाज अख्ख्या डोंगरावरनं पलीकडं फेकायचा! म्हंजे जोर पायजेच. त्यानं प्लेटा तशाच जोडल्या. पयलीचं तांबडं दुसरीच्या काळ्याला, दुसरीचं तांबडं तिसरीच्या काळ्याला. एकीच्या शेपटीला एक, चारी प्लेटांची रांग. ती वायर रेग्युलेटरच्या, म्हंजे प्लेटांची ईज आवरून संचाला देणाऱ्या डब्यात घातली.

टप्!

डब्यातनं बारीक धूर. संचाचा दिवा लागायच्या आदीच मेला. दाब वाढला की फ्यूजनं मरायचं आन् डबा वाचवायचा, अशी त्याची बांधणी हुती. पिशवीत दुसरा फ्यूज सापडला. एकच. शेवटचा.

मोटर उलटी जोडली तर उलटी फिरती. दोन वायरी बदलल्या की झालं. हितं तसं न्हवतं. हितं एकदा चुकला की जयराज गेला.

आन् कसं जोडायचं त्ये वाडीत एकाच माणसाला ठावं हुतं. त्यो माणूस घळीत पडला हुता.

"मावशी," नाथाजी धोंडुबाईला म्हणाला, "जयराजला हाळी देता येईल का? माजा आवाज तितपतुर पोचायचा न्हाई."

"येईल की. घळीत शब्द तोडून बोलला तर कडा गिळतो. लांबवून सोडायचा आसतो. काय सांगू?"

नाथाजी घोटाळला. सगळ्या बाया तोंडाकडं बघत हुत्या. बिराप्पा बघत हुता. आयुष्यभर ज्या माणसाला काय इचारायचं न्हाई म्हणून पाठ केली, त्यालाच इचारायचं, त्ये बी डोंगर ऐकंल आसं!

"इचार… प्लेटा कशा जोडायच्या."

"तुला येत न्हाई व्हय?"

"न्हाई येत," नाथाजी म्हणाला. "न्हाई येत मला!"

धोंडुबाई घळीच्या तोंडाला उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी नेले आन् आसा आवाज सोडला की रानातली पाखरं उठली.

"जयराऽऽऽज! नाथाजीला येत न्हाऽऽऽई! कसं जोडूऽऽऽ?"

कडा म्हणाला, "येत न्हाऽऽई… न्हाऽऽई…" समोरचा डोंगर म्हणाला, "न्हाऽई…" नाथाजीनं मान खाली घातली. अख्खा सह्याद्रीच जयराजचा भाऊबंद निघाला!

खालनं बारीक आवाज आला. धोंडुबाईनं कान दिला.

"त्यो म्हणतोय, कसं जोडलं हुतंस?"

"सांग, एकामागं एक. पंपावानी. जोर वाढवायला."

हाळी गेली. परत आवाज आला, थांबत थांबत, कण्हत. धोंडुबाई एकेक शब्द उचलून देत हुती. "म्हणतोय, नाथा, पाणी चढवायचं न्हाई. संच आपलं बघून घेतोय. चार हिरींचं पाणी… एका पाटात सोड."

नाथाजीच्या डोक्यात लख्ख झालं. चार हिरींचं पाणी एका पाटात सोडलं तर पाट उंच होत न्हाई, पर काठोकाठ भरून वाहतो! प्लेटा एकामागं एक न्हाईत उभ्या करायच्या. शेजारी शेजारी.

"अजून काय म्हणतोय?"

"तांबडं तांबड्याला! काळं काळ्याला!"

नाथाजी वायरींवर तुटून पडला. सोललेल्या तळहाताची आग व्हायची, त्ये बी कळंना. चार तांबड्या वायरींची टोकं दातानं सोलली, एका जागी पिळली. चार काळी टोकं दुसऱ्या जागी. दोन पीळ, दोन वायरी, डबा. शेवटचा फ्यूज बसवला. बिराप्पानं डोळं मिटलं.

दिवा लागला! हिरवा, मिणमिणता, पर लागला!

नाथाजीनं बटण दाबलं. "हॅलो! कारवीटेक बोलतंय! हॅलो!" बटण दाबलं की दिवा मान टाकायचा. ऊन तिरकं झालं हुतं. मागच्या सुळक्याची सावली दगडावर सरकत येत हुती. प्लेटांचं तोंड वर, आन् दिवस गेला खाली!

"उचला!" नाथाजी वरडला. "प्लेटा उचला! दिवसाकडं तोंड करा!"

बाया धावल्या. एकेक प्लेट दोघी-दोघींनी धरली, सुपागत उभी केली, मावळतीकडं वळवली. दिवा उजळला!

"हॅलो, धक्का! हॅलो!"

खरखर. नुसती खरखर.

सावली आली. पयल्या प्लेटवर चढली. रांगेत असत्या तर पाण्याची वाट एका जागी बुजली की पुढचं सगळं बंद! पर हितं पयली मेली, तरी तिघी चालूच. ज्या हिरीला पाणी न्हाई ती गप बसली. बाकीच्यांनी पाट चालू ठेवला.

"वर चढा! वायर पुरंल तितं वर चढा!"

धोंडुबाईनं पदर खोचला आन् एक प्लेट घेऊन छपरावर गेली. दुसरी एक बाई प्लेट घेऊन उंच दगडावर. बिराप्पानं चौथी प्लेट डोक्यावर धरली आन् भिंतीवर उभा राहिला, हनुमंतानं डोंगर धरावा तसा. दुसरी प्लेट विझली. राहिल्या दोन. दिवा थरथरत हुता.

"हॅलो! माणूस पडलाय! घळीत! लाँच पायजे! दोरखंड पायजे! हॅलो!"

खरखर. मग माणसाचा आवाज, लांबून, पर स्वच्छ: "ऐकतोय. कारवीटेक, परत सांगा. कुठली घळ?"

नाथाजीच्या डोळ्याला धारा लागल्या. त्यानं सांगितलं. परत सांगितलं. पलीकडनं "निघतोय" आलं, तवर सावलीनं छप्पर गिळलं आन् दिवा विझला.

धोंडुबाई छपरावरनंच घळीकडं वळली. तिला कुणी सांगितलं न्हवतं.

"जयराऽऽऽज! नाथाजीला जमलंऽऽऽ!"

कडा म्हणाला, "जमलंऽऽ… जमलंऽऽ…" आन् खालनं उत्तर आलं, बारीक, पर हसरं:

"ठावं हुतंऽऽऽ!"

दिवेलागणीला लाँचची माणसं पाण्याकडनं घळीत चढली. माश्या गारठून मोहोळावर गप बसलेल्या. जयराजला दोरखंडानं खाली सोडला, झोळीत घातला. नाथाजी दुसऱ्या वाटेनं करवंदीतनं फाटत खाली आला हुता. झोळीचा पुढचा दांडा त्यानंच खांद्यावर घेतला. जयराज कण्हत म्हणाला, "नाथा, हात बघू. रगत हाय की रं तुज्या हाताला."

"गप पड. पाय सांभाळ आपला."

लाँचवाल्यानं चहा काढला आन् पयला पेला परत जयराजलाच दिला! झोळीत पडून बी मान ह्यालाच. पर ह्या खेपेला नाथाजीनं पेला मदीच घेतला, फुंकर मारली, आन् आपल्या हातानं जयराजच्या तोंडाला लावला.

पुढं जयराज पायाला प्लॅस्टर बांधून कुंडलला आला. अंगणात सगळी आळी जमली. रेश्मानं दूध आणलं, त्ये बी सायीचं. नाथाजी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात जुळवत हुता, गोष्ट कशी सांगायची. हाळी वगळायची, फ्यूज वगळायचा, गवा वाईच मोठा करायचा.

तवर कुणीतरी इचारलं, "मेजर, एवढ्या अवघड जागी जोडणी केलीत तरी कशी?"

जयराजनं प्लॅस्टरचा पाय सारखा केला. "मी कुटं केली? मी खाली पडून बोंबलत हुतो. जोडणी नाथानं केली. एका फ्यूजवर. माजा जीव हाय त्यो मिस्त्रीमुळं."

सगळी आळी वळली. टाळ्या काय, "वा रं मिस्त्री" काय! जी माणसं दोन वर्सं त्याच्या दारात आली न्हवती, ती पाठीवर थापा मारत हुती. नाथाजी लाल झाला, काळा झाला, उठला आन् तरातरा घरी गेला.

रेश्मा मागनं आली. "आवं, भाऊजी एवढं चांगलं बोललं आन् तुमी असं काय निघून आलासा?"

नाथाजीनं पट्टी बांधलेल्या हातानं टोपी काढली आन् खुंटीवर आपटली.

"तेच की! त्ये बी त्यालाच सुचावं? ह्यो माणूस मला सुखानं जळू बी देत न्हाई!"

आन् मग दारात बसून, तोंड लपवून, त्यो बराच येळ हसत राहिला.